अर्धवट ज्ञानाचा जमाखर्च
स्पर्धा परीक्षांतील बहुपर्यायी प्रश्न आणि ते सोडविण्याच्या रीती : एक आढावा

कंपनी सरकारच्या मुलकी सेवेतील नेमणुका संचालकांच्या शिफारशीवर न होता खुल्या परीक्षेने व्हाव्यात, असा अहवाल मेकॉलेच्या समितीने १८५४ साली दिला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तशी पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ या परीक्षांचा शिरस्ता एकच होता : उमेदवाराने लिहावे आणि परीक्षकाने वाचावे. १८६३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर या सेवेत निवडले गेले आणि १९१८ साली आपले चिंतामणराव देशमुख आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, तेव्हा त्यांच्या उत्तरपत्रिका कोणीतरी विद्वान गृहस्थाने वाचल्या होत्या, समासात खुणा केल्या होत्या, एखाद्या वाक्याला मान डोलावली होती व एखाद्यावर कपाळाला आठ्याही घातल्या असतील. आज संघ लोकसेवा आयोगाच्या काय किंवा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या काय, पूर्वपरीक्षेला बसणाऱ्या उमेदवाराचे एक अक्षरही कोणी वाचत नाही. त्याने काळ्या बॉलपेनने भरलेली वर्तुळे यंत्राखालून जातात आणि ती कोठे काळी आहेत व कोठे कोरी आहेत, एवढ्यावरच त्याच्या वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासाचा फैसला होतो.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. कॅन्ससमधील फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणशास्त्रज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास मुलांच्या वाचनाची परीक्षा घेण्यासाठी, ज्यांचे उत्तर एकच आणि निर्विवाद असेल अशा प्रश्नांची चाचणी तयार केली. एकाच उत्तराला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देतात, ही परीक्षकाच्या मर्जीची बाधा दूर करणे हा त्याचा हेतू होता. आपल्याकडे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ साली केलेल्या शिफारशींनुसार १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवांसाठी वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा सुरू झाली, तिच्यामागे निःपक्षपाताइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, संख्येची अडचण होती. लाखोंच्या अर्जांतून काही हजारांना मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचवायचे, तर निबंध वाचत बसणे कोणत्याही दफ्तराला परवडणारे नव्हते. महाराष्ट्रात तर २०१२ पासून राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकाही पर्यायी स्वरूपाच्या झाल्या. पुढे वर्णनात्मक पद्धत परत आणण्याचे ठरताच पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आयोगाने तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला. जी पद्धत एका पिढीने कृत्रिम म्हणून नाके मुरडीत स्वीकारली, तिच्याच रक्षणासाठी दुसरी पिढी घोषणा देते, यात विसंगती वाटली तरी नवल नाही. ज्या रीतीने वर्षानुवर्षे तयारी केली ती रीत ऐन वेळी बदलणे म्हणजे त्या वर्षांची किंमत घटविणेच होय, असे त्या मुलांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही.

आता मुद्द्याकडे वळू. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत दुपारच्या चहाच्या वेळी कान दिला, तर ‘ट्रिक’, ‘नेगेटिव्ह’, ‘तुक्का’ आणि ‘कट-ऑफ’ हे चार शब्द हटकून कानी येतात. या चारांपैकी ज्याचा हिशेब कागदावर मांडता येतो तो शब्द म्हणजे ‘नेगेटिव्ह’. आश्चर्य असे की, पुष्कळ उमेदवार या बाबतीत ऐकीव सल्ल्यावर विसंबतात आणि स्वतः गणित मांडून पाहात नाहीत. संघ लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न आणि २०० गुण असतात, अवधी दोन तासांचा असतो आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग वजा होतो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत ही कपात एक-चतुर्थांश आहे, म्हणजे चार चुकीच्या उत्तरांनी एका बरोबर उत्तराची कमाई बुडते. हा फरक वरवर किरकोळ दिसतो, परंतु परिणामाने तो मोठा आहे. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर तो बरोबर येण्याचा संभव चारात एक, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे अशा निवडीतून सरासरीने मिळणारे गुण बरोबर शून्य येतात. तो दंड मुळात त्याच हिशेबाने ठरविलेला आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे मात्र त्याच आंधळ्या निवडीतून प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.१२५ गुण पदरात पडतात. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर ही सरासरी केंद्रात ०.२२ आणि राज्यात ०.३३ होते. दोन बाद करता आले, तर ती अनुक्रमे ०.६७ व ०.७५ होते. ‘शंका असेल तर प्रश्न सोडून द्या’ हा वडीलधारा सल्ला या आकड्यांपुढे टिकत नाही.

तथापि सरासरी म्हणजे हाती आलेली रक्कम नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत एखाद्याने ४० प्रश्न निव्वळ दैवावर सोडविले, तर सरासरीने त्याला पाच गुणांचा लाभ व्हावा. पण अशा पाच-सहा उमेदवारांपैकी एकाच्या हातचे गुण उलट कमीच होतील, इतके या खेळातले चढउतार मोठे असतात. पाच गुणांच्या आशेने तो धोका पत्करावा की नाही, हे आपण ‘कट-ऑफ’च्या अलीकडे आहोत की पलीकडे, यावर ठरते. याउलट दोन पर्याय निश्चित बाद झालेले २० प्रश्न घेतले, तर त्यांतून एकूण तोटा होण्याचा प्रसंग हजारात जेमतेम एकदा येतो. म्हणून दोन पर्यायांत अडकलेला प्रश्न कोरा ठेवणे हा संयम नसून निखालस नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यसेवेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत निर्णयक्षमतेचे जे थोडे प्रश्न येतात त्यांना तर ऋण गुणच नसतात. ते कोरे सोडण्याला कोणतेच समर्थन नाही.

पर्याय बाद करणे हीच या विद्येतील मुख्य कला, आणि ती कशी चालते हे एका प्रश्नावरून पाहू. समजा, धन विधेयकाविषयी तीन विधाने दिली आहेत : (अ) ते फक्त लोकसभेतच मांडता येते, (ब) एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, याविषयी लोकसभेच्या अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो, (क) राज्यसभेला ते नामंजूर करता येते. पर्याय असे आहेत : फक्त अ; अ आणि ब; ब आणि क; वरील सर्व. राज्यसभेने असे विधेयक चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करावयाचे असते आणि नामंजुरीचा अधिकार तिला नाही, एवढी एकच गोष्ट ज्याला पक्की ठाऊक आहे, त्याच्यापुढून शेवटचे दोन्ही पर्याय एकदम नाहीसे होतात. उरलेल्या दोहोंत विधान अ समाईक आहे, म्हणजे ते खरे की खोटे याची चिकित्सा करण्याचे त्याला कारणच उरत नाही. प्रश्न फक्त ब पुरता राहतो. ज्याला एकच विधान ठाऊक होते तो तीन विधानांच्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर उभा राहिला. यात लबाडी काही नाही, कारण जे ठाऊक आहे तेच त्याने पुरेपूर वापरले.

याच उदाहरणातून दुसऱ्या एका लाडक्या ठोकताळ्याची परीक्षा होते. ज्या विधानात ‘फक्त’, ‘केवळ’, ‘सर्वच’, ‘कधीही नाही’ असे टोकाचे शब्द असतील ते विधान खोटे समजावे, अशी शिकवण मार्गदर्शक पुस्तकांतून सर्रास दिलेली आढळते. वरील विधान अ मध्ये ‘फक्त’ आहे, ‘लोकसभेतच’ मधला ‘च’ आहे, आणि तरीही ते विधान शंभर टक्के खरे आहे. इतिहास, पर्यावरण किंवा विज्ञान यांविषयीच्या विधानांत टोकाचा शब्द पाहून सावध होणे योग्य, कारण निसर्ग आणि समाज यांत अपवाद फार असतात. कायदा व राज्यघटना यांची भाषा मात्र मुळातच ‘फक्त’ आणि ‘च’ यांची आहे, आणि तेथे हा ठोकताळा लावणारा उमेदवार हमखास खड्ड्यात जातो. शब्दांवरून उत्तर ओळखण्याच्या अशा जितक्या म्हणून युक्त्या आहेत, त्यांची योग्यता ज्या विषयात त्या लावावयाच्या त्या विषयाच्या जाणकारीवर अवलंबून असते, आणि ही अट युक्ती विकणारे सहसा सांगत नाहीत.

प्रश्न काढणारेही काही झोपलेले नसतात. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या पूर्वपरीक्षेत ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’ या धाटणीचे प्रश्न मोठ्या संख्येने आले : फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. धन विधेयकाची तीच तीन विधाने या साच्यात घाला. विधान क खोटे आहे हे पक्के ठाऊक असलेल्या उमेदवारापुढून आता केवळ ‘तिन्ही’ हा एकच पर्याय जातो. पुढे जाण्यासाठी त्याला अ आणि ब या दोहोंचाही स्वतंत्र निर्णय करावा लागतो. जे समाईक होते म्हणून तपासावे लागत नव्हते, त्याचाही दाखला आता द्यावा लागतो. त्या वर्षी सर्वसाधारण प्रवर्गाची सीमारेषा २०० पैकी ७५.४१ गुणांवर उतरली. आदल्या वर्षी ती ८८.२२ होती आणि २०१६ साली तर ११६ होती. या घसरणीला एकच कारण नसेल, पण पर्याय बाद करण्याच्या जोरावर मिळणारे कितीतरी गुण या नव्या साच्याने हिरावून घेतले, याविषयी मला शंका नाही.

जोड्या जुळविण्याच्या प्रश्नांत मात्र जुनी रीत अद्याप चालते. भीमा, तापी, कृष्णा आणि वैनगंगा या नद्यांची उगमस्थाने विचारली, तर भीमाशंकर आणि महाबळेश्वर महाराष्ट्रातला शाळकरी मुलगाही सांगेल. चतुर प्रश्नकर्ता हे जाणून असतो, आणि म्हणून निदान दोन पर्यायांत या दोन जोड्या अचूक ठेवून खरा निकाल तापी व वैनगंगा यांच्यावर सोपवितो : मुलताई कोणाचे आणि शिवनी जिल्हा कोणाचा? सोप्या जोडीपासून आरंभ करावा हे खरे, पण अभ्यास करताना वेळ द्यावा तो अनोळखी जोडीला. ‘विधान व कारण’ या प्रकाराविषयी एवढेच सांगणे पुरे, की दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे खरी असणे आणि दुसरे पहिल्याचे स्पष्टीकरण असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत उमेदवार पहिलीवरच थांबतो.

वेळेचे नियोजन, तीन फेऱ्यांत प्रश्नपत्रिका सोडविणे इत्यादी गोष्टी सर्वत्र इतक्या चघळल्या गेल्या आहेत, की येथे त्यांची पुनरुक्ती नको. उत्तर बदलावे की नाही, हा प्रश्न मात्र थोडा थांबण्यासारखा आहे. ‘मनात पहिले आले ते खरे’ अशी समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या खाडाखोडीच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत मात्र चुकीचे उत्तर बदलून बरोबर झाल्याची उदाहरणे बरोबरचे बिघडल्याच्या उदाहरणांपेक्षा अधिक निघाली. बदलून चुकलेल्या उत्तराची हळहळ मनात अधिक काळ टिकते, म्हणून समजूत उलटी बनते, असे त्याचे कारण दिले जाते. आपल्या उत्तरपत्रिकेवर शाईने भरलेले वर्तुळ पुसता येत नाही, आणि दोन वर्तुळे भरली तर त्यांपैकी एक बरोबर असूनही उत्तर चूक धरले जाते. तेव्हा फेरविचार जो काही करावयाचा तो प्रश्नपुस्तिकेवर खूण करून, वर्तुळ भरण्यापूर्वीच केला पाहिजे. पान-दोन पाने सोडवून झाली की तेवढी वर्तुळे भरावीत. सर्व गोळे शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवणारे उमेदवार एक ओळ चुकून पुढच्या दहा उत्तरांची वासलात लावतात.

परंतु हे सर्व ज्यावर उभे आहे ती गोष्ट निराळीच आहे. ‘एक पर्याय खात्रीने बाद केला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती खात्री खरोखर किती खरी असते? दोन पर्यायांत अडकलेल्या प्रश्नांतून निम्मी उत्तरे बरोबर यावीत, हे गणित केवळ तेव्हाच लागू पडते, जेव्हा बाद केलेले दोन पर्याय खरोखरच चुकीचे असतात. एखाद्याच्या ‘खात्री’ने बरोबर पर्यायच वारंवार बाद होत असेल, तर त्याची अवस्था आंधळी निवड करणाऱ्याहूनही वाईट होते, आणि हे त्याला परीक्षेच्या दिवशी कोणी सांगत नाही. ते आधी सराव परीक्षांत शोधून काढावे लागते. त्याची एक साधी रीत आहे, आणि ती पाळणारे मला फार थोडे भेटले. प्रत्येक सराव प्रश्नपत्रिकेत उत्तरापुढे तीनांपैकी एक खूण करावी : पक्के माहीत, दोहोंत शंका, निव्वळ अंदाज. उत्तरतालिका हाती आल्यावर एकूण गुण मोजण्यापूर्वी या तीन खुणांचा स्वतंत्र हिशेब मांडावा. नफा-तोट्याची सीमारेषा केंद्राच्या परीक्षेत शंभरातून पंचवीस बरोबर उत्तरांवर आणि राज्याच्या परीक्षेत वीसांवर आहे. ज्याची दुसऱ्या खुणेची उत्तरे पाच-सहा प्रश्नपत्रिकांत शंभरातून चाळीस-पन्नास बरोबर निघतात, त्याने तसले सर्व प्रश्न निर्धास्त सोडवावेत. ज्याची ती वीस-पंचवीसच्या आसपास घोटाळतात, त्याला युक्त्यांचे आणखी एक पुस्तक नव्हे, तर त्या विषयाचे क्रमिक पुस्तक पुन्हा वाचण्याची गरज आहे. आणि ज्याच्या पहिल्या खुणेतच, म्हणजे ‘पक्के माहीत’ म्हणून नोंदविलेल्या उत्तरांतच, दहात दोन-तीन चुका सापडतात, त्याने त्या महिन्यात नवा विषय उघडू नये.