थुंकी न देणारे रुग्ण

न्यूमोनियाचा मुख्य जंतू पहिल्यांदा हाती लागला तो फुप्फुसात नव्हे, लाळेत. १८८१ साली लुई पाश्चर आणि अमेरिकी लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाश्चर खरं तर रेबीजच्या मागे होते. त्या रोगाने दगावलेल्या मुलाची लाळ त्यांनी सशांना टोचली होती. स्टर्नबर्गनी स्वतःचीच टोचली. ससे मेले, स्टर्नबर्ग ठणठणीत! पुढच्या शंभर वर्षांची डोकेदुखी इथेच दिसते. हा जंतू, न्यूमोकॉकस, धडधाकट माणसाच्या घशातही सुखाने नांदतो. मग आजारी बाळाच्या घशात तो सापडला, म्हणून छातीतला गुन्हेगार तोच कशावरून?

१८९२ मध्ये रिचर्ड फायफरने फ्लूचं खापर दुसऱ्याच एका जंतूवर फोडलं. १९३३ मध्ये फ्लूचा विषाणू सापडला आणि आळ खोटा ठरला, पण ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मधल्या काळात, १९३१ मध्ये, मार्गारेट पिटमन यांनी त्यातला कवचधारी ‘बी’ प्रकार वेगळा काढला होता. लहान मुलांना मोठा धोका त्या ‘हिब’चा.

संशयित कळले, पुरावा मिळेना. मोठा माणूस खाकरून बेडका काढून देतो. तान्हं मूल तो गिळून टाकतं. रक्ताच्या तपासणीत बहुतेकदा काहीच वाढत नाही. उरते फासळ्यांमधून थेट फुप्फुसात घातलेली सुई. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी तेही केलं, आणि न्यूमोकॉकस व हिमोफिलस हेच दोघे पुढे आले. पण शॅन यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते : मिनिटाला श्वास किती, एवढं मोजलं तरी न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे मोजणं निरक्षर दायांच्या हाती दिलं. एका मिनिटाची वाळूची घटिका, शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, की न्यूमोनिया, खेड्यापाड्यांतला ‘डबा’, समजायचा. औषध को-ट्रायमोक्साझोल : तोंडाने देता येणारं, स्वस्त, दोन्ही जंतूंवर लागू पडणारं. ५८ गावांत उपचार, ४४ गावांशी तुलना. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियात मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५. कोणत्या बाळाला कोणता जंतू होता, हे कुणी तपासलंही नव्हतं.

लसी आपल्याकडे रमतगमत आल्या. हिबचा घटक असलेली पेंटाव्हॅलंट लस २०११च्या अखेरीस केरळ-तमिळनाडूत सुरू झाली. न्यूमोकॉकसची २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आली, देशभर पोचायला २०२१ उजाडलं. दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची लस तयार केली होती.

आणि २०१९ मध्ये आफ्रिका-आशियातल्या सात देशांच्या ‘पर्च’ अभ्यासाने चित्र पालटलेलं दाखवलं. रुग्णालयात दाखल झालेल्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांच्या न्यूमोनियात जिवाणूंचा वाटा सुमारे २७ टक्के, विषाणूंचा ६१. त्यातला निम्मा आरएसव्ही या एकट्या विषाणूचा. आता अडचण उलटी आहे : अँटिबायोटिक कुणाला द्यायचं नाही? एक्स-रे त्याचं खात्रीचं उत्तर देत नाही, आणि धापा टाकणारं बाळ समोर असताना डॉक्टर थांबून पाहायची जोखीम घेत नाहीत. अमॉक्सिसिलिन लिहून देतात. त्यांच्या जागी कुणीही तेच करील.