वारसा रेल्वेवरील बाष्प-महोत्सव : इंग्लंडमधील सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या संदर्भात

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये वर्षातून एकदोनदा, बहुधा मार्चच्या अखेरीस व सप्टेंबरच्या सुमारास, जुन्या शाखामार्गांवर शनिवार-रविवारला जोडून वाफेच्या इंजिनांचा महोत्सव भरतो. तेथे त्यास 'स्टीम गाला' असे म्हणतात. आपल्याकडील जत्रेशी त्याचे साम्य आहे. लांबून माणसे येतात, पाहुणे दैवत यावे तशी दुसऱ्या मार्गावरील इंजिने येतात, आणि रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. हौशी मंडळींची करमणूक एवढेच त्याचे स्वरूप असते, तर त्याची दखल अभ्यासकाने घेण्याचे कारण नव्हते. तथापि यंत्रयुगातील एक संपूर्ण कार्यपद्धती, तिच्यातील हातकसबासह, जिवंत ठेवता येते काय, या प्रश्नाचे प्रात्यक्षिक या महोत्सवात पाहावयास मिळते. प्रस्तुत लेखात सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

सेव्हर्न नदीच्या काठाने जाणारा हा मार्ग १८६२ मध्ये खुला झाला. आर्ली येथे नदीवर असलेला व्हिक्टोरिया पूल ही त्यावरील सर्वांत देखणी वास्तू होय. जॉन फाउलर यांनी रचलेल्या या ओतीव लोखंडी पुलाची कमान २०० फूट लांबीची आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये मार्गावरील बहुतांश भागातील प्रवासी वाहतूक बंद झाली. १९६५ मध्ये हौशी मंडळींनी संस्था स्थापन केली आणि २३ मे १९७० रोजी ब्रिजनॉर्थ ते हॅम्प्टन लोड या छोट्या टप्प्यावर पुन्हा गाडी धावली. १९७४ मध्ये ब्यूडली व १९८४ मध्ये किडरमिन्स्टर जोडले गेल्यावर मार्गाची लांबी सुमारे १६ मैल, म्हणजे २६ किलोमीटर झाली.

स्वयंसेवकांनी रेल्वे चालविण्याची कल्पना मात्र याआधीची. वेल्समधील टॅलिलिन या अरुंद मार्गाने १९५१ मध्येच तिचा पायंडा पाडला होता. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचे युग ऑगस्ट १९६८ मध्ये संपले. त्यानंतर इंजिने मिळाली ती प्रामुख्याने भंगारातून. वेल्समधील बॅरी येथील डाय वुडहॅम या भंगार व्यावसायिकाने सुमारे ३०० इंजिने विकत घेतली होती. परंतु त्याच्या कामगारांना जुने डबे तोडण्याचे काम पुरेसे असल्याने इंजिने वर्षानुवर्षे तशीच उभी राहिली. त्यांपैकी २१३ इंजिने पुढे विकली जाऊन वाचली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजलेली ही धुडे आज महोत्सवात गाड्या ओढतात. एका व्यापाऱ्याच्या कामाच्या क्रमावर एवढा मोठा वारसा अवलंबून राहावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

महोत्सवाचे स्वरूप

एरवीच्या दिवशी अशा मार्गावर मोजकीच इंजिने कामावर असतात व दोन गाड्यांमध्ये बराच अवकाश असतो. महोत्सवात हे सारे पालटते. गाड्यांची संख्या वाढते, मालगाडीची प्रात्यक्षिके होतात, काही गाड्यांना दोन इंजिने जोडतात, आणि सेव्हर्न व्हॅलीवरील शरद ऋतूतील महोत्सवात तर रात्रभर गाड्या धावल्या आहेत. पाहुणी इंजिने पुष्कळदा रस्त्याने, बहुचाकी अवजड वाहनावरून आणावी लागतात. कारण मुख्य मार्गावर चालण्यासाठी लागणारे स्वतंत्र प्रमाणपत्र व यंत्रणा प्रत्येक इंजिनाजवळ नसते.

इंजिन सकाळी कळ दाबून सुरू होत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. थंड बॉयलर घाईने तापविल्यास तांब्याची अग्निपेटी व पोलादी कवच यांचे प्रसरण सारखे होत नाही. सांध्यांवर ताण येऊन नळ्या गळू लागतात. म्हणून मोठ्या इंजिनात आदल्या दिवशीच विस्तव घालून दाब सावकाश चढवावा लागतो. पहाटे राख काढणे, तेल देणे, वंगणाच्या वाती तपासणे, पाण्याची पातळी पाहणे ही कामे होतात. दिवस संपल्यावर पुन्हा विस्तव काढणे आलेच. आठदहा इंजिने एकाच वेळी तयार ठेवायची म्हणजे शेडमधील मंडळी अक्षरशः रात्रीचा दिवस करतात.

याहून सूक्ष्म गोष्ट आहे ती एकेरी मार्गावरील वाहतुकीची. मार्गाचे टप्पे पाडलेले असून प्रत्येक टप्प्यासाठी टोकन ठेवलेले असते. दोन्ही टोकांची यंत्रे विजेने परस्परांशी अशी जखडलेली असतात की एका वेळी एकच टोकन बाहेर निघते. ते हाती आल्यावाचून चालक पुढे जाऊ शकत नाही. ब्यूडली, आर्ली, हॅम्प्टन लोड येथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात. एरवी निवांत असलेल्या सिग्नल केबिनमधील तरफा महोत्सवात सतत खडखडत असतात. एक गाडी दहा मिनिटे रेंगाळली की तिचा परिणाम पुढील प्रत्येक ओलांडणीवर होतो. कमाल वेग ताशी २५ मैल एवढाच असल्याने गेलेला वेळ भरून काढणेही अवघड.

प्रस्तुत लेखकाच्या मते महोत्सवाचे खरे मोल येथे आहे. इंजिने संग्रहालयातही जतन होतात. परंतु गर्दीचे वेळापत्रक सांभाळणारा सिग्नलमन, चढावर दाब टिकविणारा फायरमन, घाईतही सुरक्षितपणे डबे जोडणारा शंटिंग कर्मचारी संग्रहालयात तयार होत नाही. महोत्सव म्हणजे या सर्वांची वार्षिक तालीमच होय. उत्पन्न हे कारणही आहेच, विशेषतः पर्यटकांचा हंगाम नसताना. मात्र पाहुण्या इंजिनांचे भाडे, त्यांची वाहतूक व कोळसा यांचा खर्च पाहता केवळ नफ्याच्या दृष्टीने या उपक्रमाचे समर्थन करणे कठीण जाते. कुटुंबवत्सल प्रवाशांसाठी डिसेंबरात चालणाऱ्या नाताळच्या गाड्या त्या हिशेबात कितीतरी सोप्या.

कसब एकदा सुटले की काय होते, याचे उदाहरण 'टॉर्नेडो' या इंजिनाचे. जुन्या आराखड्यानुसार डार्लिंग्टन येथे नव्याने बांधलेले हे इंजिन २००८ मध्ये पूर्ण झाले. पण त्याचा बॉयलर जर्मनीतील माइनिंगेन येथील कारखान्याकडून करवून घ्यावा लागला. ज्या देशाने जगाला रेल्वे दिली, त्या देशाची ही स्थिती! आपल्या विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील 'शकुंतला' १९९४ पर्यंत मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावत होती. इंजिन बदलले तेव्हा ते हाकणाऱ्यांचे ज्ञान कोणी कसे टिपून ठेवले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही. स्थानकांबाहेर चौथऱ्यावर रंगवून उभी केलेली इंजिने आपल्याकडे दिसतात. त्यांच्या अग्निपेटीत विस्तव घालता येईल असा माणूस मिळणे अवघड.

अडचणी

निसर्गाचा फटका या मार्गाला दोनदा बसला. जून २००७ मधील अतिवृष्टीने अनेक ठिकाणी भराव वाहून गेले व मार्गाचा मोठा भाग मार्च २००८ पर्यंत बंद राहिला. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिजनॉर्थजवळ पुन्हा भराव खचून तेथील वाहतूक थांबवावी लागली. दुसरी अडचण मनुष्यबळाची. रोजच्या सेवेत वाफेचे इंजिन चालविलेली पिढी जवळपास संपली आहे, आणि बालकांना औद्योगिक कामास लावण्यास मनाई करणारा १९२० चा कायदा रेल्वेलाही लागू असल्याने शाळकरी स्वयंसेवकांना सामावून घेण्याबाबत वारसा रेल्वेंपुढे पेच उभा राहिला. बालमजुरी रोखण्यासाठी केलेला हा कायदा छंद म्हणून येणाऱ्या मुलांच्या आड यावा, हे त्याच्या कर्त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

तिसरी अडचण कोळशाची, आणि ती मूलगामी आहे. ब्रिटनमधील वीजकेंद्रे कोळशापासून दूर गेली. शेवटचे केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. मोठा ग्राहक गेल्यावर खाणी टिकणार कशा? वारसा रेल्वेंना उपयुक्त असा वेल्स कोळसा देणारी मर्थर टिडफिलजवळील फोस-अ-फ्रान ही उघडी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली. तेव्हापासून भिस्त आयात कोळशावर व कारखान्यात दाबून केलेल्या अंडाकृती गोळ्यांवर आहे. या गोळ्यांच्या चाचण्या अनेक मार्गांवर घेण्यात आल्या. वेगळे इंधन म्हणजे वेगळी ज्वाला, वेगळी राख आणि जाळीवर वेगळ्या प्रकारे साचणारा कीट. त्यामुळे वेल्स कोळशावर हात बसलेल्या फायरमनला विस्तवाचा थर किती जाड ठेवावा, हवा कोठून व किती द्यावी, फावडे केव्हा मारावे, हे सारे नव्याने शिकावे लागते.