उंचीची फळी

ग्वातेमालाच्या डोंगराळ मुलखात, चिमाल्तेनांगो प्रांतातील काक्चिकेल या माया लोकांच्या एका वस्तीच्या शाळेत, अमेरिकेहून स्वखर्चाने आलेल्या परिचारिकांचे पथक जेव्हा आपला चार दिवसांचा दवाखाना मांडते, तेव्हा पहाटेपासून अंगणात धरलेली रांग पाहून नवख्या माणसास वाटते, की आता औषधांचे वाटप सुरू होणार. नोंदणीच्या मेजावर कागद भरण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे मला हा सारा व्यवहार जवळून पाहता आला, आणि त्यावरून माझे मत असे बनले आहे, की औषध हा त्यातील सर्वांत गौण भाग होय. खरे मोल आहे ते अचूक मोजमापाला, आणि त्या मोजमापाची नोंद योग्य हाती सोपविण्याला.

पावसाळ्याचे दिवस असल्याने दुपार कलली की सरी कोसळतात आणि डोंगरवाटा निसरड्या होतात, म्हणून सर्व काम सकाळीच उरकावे लागते. वर्गातील बाके भिंतीला लावून, दोरीवर चादरी टाकून आडोसे केलेले असतात. आरोग्य खात्याचा परवाना आणि औषधांची मुदतवार फर्द दप्तरात तयार असते. रक्तदाब मोजणारी परिचारिका मात्र या घाईत मुळीच सापडत नाही. पाठीवर मूल बांधून तासभर चढ चढून आलेल्या बाईला ती आधी पाच मिनिटे स्वस्थ बसविते, तिचा हात हृदयाच्या पातळीवर मेजावर टेकविते, मोजणी चालू असताना कोणी तिच्याशी बोलू लागल्यास त्यास खुणेने थांबविते, आणि आकडा चढा निघाला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजल्याखेरीज कागदावर काही लिहू देत नाही. दमलेल्या शरीराचा आकडा रोगाच्या खात्यात जमा होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

पण माझे लक्ष सर्वाधिक खिळून राही ते लहान मुलांच्या मेजाकडे. तेथे दंडाचा घेर मोजण्याची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरच्या आत आला तर तांबडा रंग, १२५च्या आत आला तर पिवळा, त्यावर हिरवा. दुष्काळी प्रदेशात ही पट्टी जीव वाचविते. येथे मात्र ती जवळजवळ प्रत्येक मुलाला हिरवा कौल देते, आणि तेवढ्यावर समाधान मानणारे पथक रिकाम्या समाधानाने परत जाते. कारण या मुलखातील मुले हडकुळी नाहीत, ती ठेंगणी आहेत. २०१४-१५च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ४६ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, आणि उंचीच्या मानाने वजन घटलेली मुले मात्र शेकडा एकही भरली नाहीत. मक्याच्या भाकरीने पोट भरते. हाडांच्या वाढीला जे लागते ते त्या ताटात पुरेसे नसते, आणि दूषित पाण्याने वारंवार होणारी हगवण उरलेसुरले हिरावून नेते.

म्हणून पट्टीबरोबर फळी हवी. दोन वर्षांखालील मूल तिच्यावर आडवे निजवून मोजावयाचे. त्यास दोन माणसे लागतात: एकीने डोके वरच्या पाटीला टेकवून सरळ धरावयाचे, दुसरीने गुडघे हळुवार दाबून सरकती पाटी तळव्यांना भिडवावयाची. मूल रडते, पाय आखडते, आई कासावीस होते. परिचारिका मूल आईकडे परत देते, शांत होऊ देते, पुन्हा निजविते, आणि मिलिमीटरपर्यंत आकडा वाचून मोठ्याने उच्चारते. मग प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले लसीकरणाचे कार्ड आई बाहेर काढते, त्यावरून नेमके वय कळते, आणि तेव्हाच त्या आकड्याला अर्थ येतो. वयाच्या नोंदीवाचून उंची ही निव्वळ लांबी होय. हे काम डोळ्यांत भरत नाही, त्याची छायाचित्रे कोणी काढीत नाही. मला मात्र त्या फळीपाशी वाकलेल्या दोघींइतके आदरणीय दृश्य त्या शाळेत दुसरे दिसले नाही.

वयस्क स्त्रिया बहुधा काक्चिकेल भाषाच बोलतात. त्यामुळे परिचारिकेचा प्रश्न इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, तेथून काक्चिकेलमध्ये जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. मानदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला वेदनाशामक गोळ्या देऊन वाटेला लावणे सोपे असते. पण प्रश्न धीराने विचारले तर कळते, की कपाळावर मेकापाल नावाचा चामडी पट्टा अडकवून ती रोज सरपणाची मोळी पाठीवरून वाहते, आणि तेच सरपण धुराडे नसलेल्या खोलीत जळत असल्यामुळे तिचा खोकला हटत नाही. गोळी यातले काय बरे करणार? तरी गोळी दिली जातेच, कारण दुखणे खरे असते.

गोळीची ही मर्यादा ओळखणारा कॅरोल बेहरहॉर्स्ट हा अमेरिकन डॉक्टर १९६२ साली चिमाल्तेनांगोत आला आणि त्याने काक्चिकेल खेडुतांनाच आरोग्यसेवक म्हणून शिकविले. कामाचा अग्रक्रम मांडताना त्याने सामाजिक व आर्थिक अन्याय पहिला धरला, जमिनीचा प्रश्न दुसरा, आणि रोगोपचार सर्वांत शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या ग्रंथात त्याच्या कार्याचा वृत्तांत आहे, त्याच ग्रंथात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या जामखेडच्या प्रकल्पाचाही आहे. जामखेडच्या खेड्यांतून घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आपणांस परक्या नाहीत, आणि चिमाल्तेनांगोतील त्यांच्या समधर्मी पाहताना मला त्यांचीच आठवण होत होती. फरक एवढाच, की १९८०च्या सुमारास ग्वातेमालातील यादवीने उग्र रूप धारण केले तेव्हा तेथील कित्येक आरोग्यसेवक, लोकांना संघटित करतात या संशयावरून, मारले गेले. १९९६च्या डिसेंबरात तह झाला. वस्त्यांतून फिरण्याचे ते काम आज बहुतांशी ज्यांच्याकडे आहे, त्या स्त्रियांना तेथे प्रोमोतोरा म्हणतात.

या पथकाचा एक शिरस्ता आहे, आणि तो मला अत्यंत योग्य वाटतो: पुढे रक्तदाब कोण मोजणार आणि गोळ्या कोठून मिळणार, याची तजवीज झाल्यावाचून दीर्घ मुदतीचे औषध कोणालाही सुरू करावयाचे नाही. महिन्याच्या गोळ्या देऊन निघून जाणे हे औदार्य नव्हे. म्हणून शेवटच्या संध्याकाळी परिचारिकांची प्रमुख आणि त्या वस्तीची प्रोमोतोरा समोरासमोर बसल्या. मी नोंदवहीची दुसरी प्रत वाचीत होतो, आणि प्रोमोतोरा एकेका नावापाशी मला थांबवून दुरुस्त्या सांगत होती. ही बाई वरच्या पाड्यावर राहते, खालच्या नव्हे. या मुलाची आई मजुरीसाठी किनाऱ्याकडे गेली आहे, चिठ्ठी आजीकडे द्यावी लागेल. उंची खुंटलेल्या मुलांची फेरतपासणी तीन महिन्यांनी व्हावी, असे प्रमुखबाईंनी सुचविले. प्रोमोतोराने बोटांवर महिने मोजले आणि मान हलविली. त्या दिवसांत मक्याची कापणी असते, घरी कोणी सापडायचे नाही, ती म्हणाली. कणसे घरात येऊन पडू द्या, मग मीच फळी घेऊन दारोदार जाईन. प्रमुखबाईंनी आपली तारीख खोडली आणि तिने सांगितलेला महिना लिहिला.