आहेराची वही

लग्नसराई जवळ आली म्हणजे मुलीला काय द्यावें हा विचार घरोघर सुरू होतो, आणि बहुधा चांदीची वाटी, पैठणी किंवा नोटांचें पाकीट यांपैकीं एकावर त्याचा शेवट होतो. माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा २०२३ च्या जून महिन्यांत झाला तेव्हां मलाही हाच प्रश्न पडला होता. लग्न डिसेंबरांत व्हावयाचें होतें, व त्यानंतर उभयतां नोकरीनिमित्त जर्मनींत म्युनिच येथें जाणार होतीं. तेव्हां जड वस्तु देण्यांत अर्थ नव्हता. मीं भाचीलाच सरळ विचारलें. ती म्हणाली, "मावशी, आजी करते तें सगळं मला एका वहींत लिहून दे. मोबाईलवर पाठवूं नकोस, तें कुठंतरी वर सरकून जातं. वही दे."

मागणी ऐकून मला मनांतून हायसेंच वाटलें. चार संध्याकाळीं आईजवळ बसलें, ती सांगेल तें उतरून घेतलें, कीं आहेर तयार, अशी माझी समजूत! प्रत्यक्षांत त्या वहीला पांच महिने लागले. ज्या भगिनींच्या मनांत असा आहेर करावयाचा असेल त्यांस उपयोगी पडावी म्हणून ती हकीकत येथें देत आहें.

पाकशास्त्रावरील पुस्तकांची आपल्याकडे वाण नाहीं. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांनीं सतराव्या शतकांत 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचिला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं छापलें गेलें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० सालीं निघालें. आणि १९७० सालीं प्रसिद्ध झालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' माझ्या स्वतःच्या फडताळांत आहे. मग आणखी एक हातानें लिहिलेली वही कशाला? पुरणपोळी कशी करावी हें छापील पुस्तक उत्तम सांगतें. परंतु आमच्या घरीं पुरणांत वेलदोडा न घालतां जायफळच कां घालतात, आणि पुरणांत गूळ पडण्यापूर्वीं आजोबांकरितां नुसत्या शिजल्या डाळीची वाटी कां काढून ठेवीत, हें तें कोठून सांगणार?

आईचें वय तेव्हां ८३ वर्षांचें होतें. हात पूर्वीसारखेच चालत, पण आमटी उकळत असतां "मीठ घातलं का गं मी?" असें ती दोनदां विचारूं लागली होती. आम्हां दोघी बहिणींना तें दिसत होतें आणि दोघीही त्याविषयीं बोलत नव्हतों. वहीचें काम हातीं घेतल्यावर मात्र तें न बोलतांही समजलें.

आईजवळ तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, १९४० च्या सुमाराची दोऱ्यानें शिवलेली एक वही होती. ती उघडली आणि पहिल्याच पानावर माझें शहाणपण संपलें. आजीच्या काळीं धान्य मापानें घेत: दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनाचा शेर निराळा. तो ८० तोळ्यांचा, आणि तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे हा शेर किलोहून थोडा कमी भरतो. आजी मात्र दोन्ही ठिकाणीं नुसतें 'शेर' लिहिते. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं आणि हे सगळे शब्द बाजारांतून हळूहळू गेले. वहींतून कसे जाणार? त्यांतूनही जेथें शेर नाहीं तेथें "आपल्या पितळी वाटीनें तीन" असें आहे. ती वाटी कोठें आहे म्हणून आईला विचारलें, तर ती शांतपणें म्हणाली, "मोडींत घातली. स्टीलचा डबा घेतला होता त्या वेळीं."

खरी फजिती झाली ती अनारशांनीं. त्या वर्षीं अधिक श्रावण होता. अधिकांत जांवयाला ३३ अनारसे वाण म्हणून देण्याची चाल आपल्याकडे आहे. आईनें ती माझ्या यजमानांकरितां आजवर पाळली आहे. मीं ठरविलें कीं, या खेपेस आजीच्या वहीबरहुकूम अनारसे आपण करावे आणि मग तीच कृति भाचीला लिहून द्यावी. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललें, चवथ्या दिवशीं उपसून सावलींत फडक्यावर पसरले, आणि किंचित् ओलसर असतांनाच कुटून पीठ चाळून घेतलें. वहींत पुढें इतकेंच होतें: "पीठ व गूळ समभाग." मीं वाटीला वाटी घेतली, चमचाभर तुपानें मळून गोळा केला, आणि तो पांच दिवस झांकून ठेवला. खसखशीवर पहिला अनारसा थापून तुपांत सोडला मात्र, तो हंसला! अनारसा हंसणें म्हणजे काय तें ज्या भगिनींनीं एकदां पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको. इतरांसाठीं इतकेंच कीं, कढईंत त्याचा अनारसा न राहतां सगळ्या तुपावर जाळ्यासारखा चुरा पसरतो. दुसरा हंसला, तिसराही हंसला. यजमान दारांत उभे राहून त्यांच्या बरोबरीनें हंसूं लागले तेव्हां मीं गॅस बंद केला आणि आईला बोलावून आणलें.

तिनें गोळ्याचें एक चिमूट तोंडांत टाकलें आणि म्हणाली, "गूळ फार झाला."

"अगं आई, समभाग लिहिलंय!"

"समभाग तराजूनं, वाटीनं नव्हे. चाळलेलं पीठ हलकं असतं आणि गूळ वाटींत दडपून बसतो. आमच्या घरीं तराजू होता ना."

वहींत तें कां नव्हतें हें मला तेव्हां उमगलें. आजीला तें लिहिण्याचें कारणच नव्हतें. तिच्या घरांतल्या प्रत्येक बाईला तें ठाऊक होतें. आईनें वगळून ठेवलेलें कोरडें पीठ मागितलें, मूठमूठ मिसळून गोळा सारखा केला, आणि दोन दिवसांनीं तिनेंच थापलेले ३३ अनारसे, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटतां, मंद आंचेवर तळून निघाले.

त्या दिवसापासून मीं लिहून घेण्याची रीतच बदलली. आईला विचारणें बंद केलें व तिच्या शेजारीं उभी राहूं लागलें. ती मूठ भरून पातेल्यांत टाकणार तोंच मी ओट्यावरचा छोटा काटा पुढें करीं. आईची तांदुळाची मूठ ४० ग्रॅम भरली, माझी ५५. म्हणजे तिच्या सांगण्यावरून "दोन मुठी" लिहिल्या असत्या तर भाचीनें कोणाच्या मुठी घ्यावयाच्या? गोडा मसाला करण्याच्या दिवशीं धणे, तीळ, खोबरें, दगडफूल, तमालपत्र, सारें असेंच हातांतून काढून तोललें. आईला याचा राग येई. "परीक्षा घेतेस का माझी?" असें ती एकदां म्हणाली, आणि तो दिवस मीं तसाच सोडून दिला. काटा नेहमींच पुढें करूं नये. तिचा हात मोकळा राहिला पाहिजे, नाहींतर ती आपल्या सवयीनें न करतां तुमच्या काट्यासाठीं करूं लागते, आणि मग लिहिलेलें खोटें होतें.

वजनें लिहिलीं तरी खुणा मात्र तिच्याच शब्दांत ठेवल्या. "पुरणांत उलथनं उभं राहिलं कीं उतरव." "मोहरी बोलायची थांबली कीं मगच हिंग." असलीं वाक्यें सुधारून लिहिण्याचा मोह मला बराच झाला होता, तो मीं आवरला, आणि तेवढी एक गोष्ट मीं नक्की बरोबर केली असें मला वाटतें.

वहीविषयीं थोडें. हातकागदाची वही पाहून मी भुललें होतें. पुण्यास १९४० सालापासून हातकागद संस्थाच आहे, तेव्हां तो मिळण्यास अडचण नाहीं. परंतु मीं आणलेल्या कागदावर माझ्या टांकाची शाई फुटे. शेवटीं तो कागद पुठ्ठ्यावर चढविला व आंत साधे जाड पांढरे कागद घातले. बांधणी दोऱ्याचीच घ्यावी, म्हणजे वही ओट्यावर उघडी राहते. डिंकाची वही मिटते आणि पिठाच्या हातानें पुन्हां उघडावी लागते. शाई पाण्यानें पसरणार नाहीं अशी घ्यावी. लिहिलें तें फक्त उजव्या पानावर. डावें कोरें ठेवलें, भाचीसाठीं.

एकंदर ३८ पदार्थ झाले. वरण-भात, थालीपीठ यांना प्रत्येकीं अर्धें पान पुरलें. मेतकुटाला तीन पानें लागलीं. आंबोशीच्या लोणच्याचें मात्र जमलें नाहीं. आजीचें तें लोणचें घरांत सर्वांच्या आवडीचें. आईनें तें मला तीनदां सांगितलें, आणि तिन्ही वेळां निराळें सांगितलें. एकदां मेथ्या तळून, एकदां भाजून, आणि तिसऱ्यांदा मेथ्या नाहींतच. मग ती गप्प झाली व खिडकीबाहेर पाहूं लागली. छापील पुस्तकांतून कृति उतरवून पान भरणें सोपें होतें. परंतु तें लोणचें आमचें झालें नसतें. मीं पानावर नांव लिहिलें, आईची तिन्ही सांगणीं तारखेसह खालीं मांडलीं, आणि उरलेलें पान तसेंच सोडलें.

वही लग्नाच्या आदल्या दिवशीं दिली. गेल्या दिवाळींत भाचीनें अनारशांच्या डाव्या पानाचें छायाचित्र पाठविलें. पानावर तुपाचा मोठा डाग आहे आणि त्याच्या बाजूला तिच्या अक्षरांत लिहिलें आहे: "इथें थंडीमुळें तांदुळाला तीन दिवस पुरत नाहींत. पांच ठेवावे. पहिले चार हंसले."