होतकरू खेळाडूचे मूल्यमापन

दिनांक १६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबी येथे इंडियन प्रीमियर लीगसाठी खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात दिल्ली कॅपिटल्स संघाने नाशिकचा अठरा वर्षांचा डावखुरा फलंदाज साहिल पारख यास ३० लाख रुपयांस घेतले. त्याच लिलावात चेन्नईच्या संघाने प्रशांत वीर व कार्तिक शर्मा या दोन तरुणांसाठी प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये मोजले. हे आकडे शेजारी ठेवून नाशिकचा मुलगा त्या दोघांच्या पासंगासही पुरत नाही, असे कोणी म्हणेल तर तो तर्क फसवा होय.

लिलावातील भाव केवळ गुणांवरून ठरत नाही. प्रतिस्पर्धी बोलीदार कोठवर जातो यावरून तो ठरतो. ३० लाख ही त्या लिलावातील सर्वांत खालची मूळ किंमत होती. त्या किमतीस खेळाडू गेला याचा अर्थ इतकाच, की एका संघास तो हवा होता आणि इतरांनी बोली वाढविली नाही. कोणाची थैली रिकामी झाली होती, कोणास सलामीचा फलंदाज नकोच होता, हेही त्या आकड्यात दडलेले असते. आडनावानेच पारख असलेल्या या खेळाडूची पारख निराळ्या मार्गाने करावयास हवी.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये १९६५ पासून शाळा-महाविद्यालयांतील मुलांची निवड संघ ठरलेल्या क्रमाने करतात. तेथे बोली नसते. निरीक्षक प्रत्येक कौशल्यास २० ते ८० या मापात दोन गुणांक देतात : एक आजचा, दुसरा पुढे अपेक्षित असलेला. ‘होणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारा आपला ‘होतकरू’ हा शब्द याच दुसऱ्या गुणांकाविषयी बोलतो. व्यवहारात मात्र तो पहिल्या गुणांकावरच बहाल केला जातो, आणि घोटाळा तेथेच होतो.

क्रमवार निवडही चुकीपासून मुक्त नाही. २००८ साली एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी भारतात तशीच पद्धत वापरली गेली. दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज निवडला आणि विराट कोहली बंगळूरकडे गेला. आज ती निवड हास्यास्पद वाटते. परंतु सेहवाग, गंभीर व धवन हाताशी असलेल्या संघास फलंदाजांची वाण नव्हती, हे विसरू नये.

आता पुराव्याकडे वळू. सप्टेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरी येथे ऑस्ट्रेलियाच्या एकोणीस वर्षांखालील संघाविरुद्ध पारख याने ७५ चेंडूंत नाबाद १०९ धावा केल्या. प्रतिपक्ष समवयस्क, परंतु निवडक होता. म्हणून या शतकास वजन आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. विक्रम अजोड खरा. पण प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ व ५२ धावांत आटोपले होते. मापनाची फूटपट्टीच अशी आखूड असेल तर मोजलेली उंची कितपत खरी मानावी?

नाशिक जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, मुंबईच्या नव्हे. त्यामुळे हॅरिस ढालीसारखी जुनी फूटपट्टीही येथील मुलांस लाभत नाही. अर्थात तीही अपुरीच. पृथ्वी शॉ याने २०१३ साली त्या स्पर्धेत ५४६ धावा केल्या, २०१७ मध्ये रणजी पदार्पणात आणि २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात शतके ठोकली. इतका भक्कम पुरावा असूनही नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्यास कोणी घेतले नाही. अबुधाबीत तो ७५ लाखांस गेला, आणि तोही दिल्लीकडेच! ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण येथे उपयोगी पडत नाही. दुसरा गुणांक दरवर्षी नव्याने मांडावा लागतो.

तो मांडताना धावांपेक्षा इतर गोष्टी पाहणे अधिक फलदायी असते. अंगावर येणाऱ्या उसळत्या चेंडूस फलंदाज कसा सामोरा जातो, फिरकीसमोर पाय किती लवकर हलतात, आणि ज्या गोलंदाजाने एकदा बाद केले तो पुन्हा समोर आल्यावर खेळात कोणता बदल होतो, या नोंदी दोन-तीन हंगाम ठेवाव्या लागतात. वीस षटकांच्या सामन्यांत त्यांस अवसर थोडा. चार दिवसांच्या सामन्यांत तो भरपूर मिळतो.