आळ डोळ्यांवर, दोष लेन्समध्ये

आमच्या घरात एक जुना झेनिट कॅमेरा आहे. अब्बांनी तो तरुणपणी मुंबईत सेकंडहँड घेतला होता. मोहल्ल्यातले कितीतरी अकीके, बिस्मिल्ला आणि निकाह त्याच कॅमेऱ्याने टिपले. मग आपाचा निकाह झाला. रोल धुऊन आला तेव्हा दुल्हा-दुल्हनचे जवळून काढलेले फोटो स्वच्छ होते. पण सारं खानदान ओळीत उभं केलेला फोटो, बारातीचा फोटो, अंगणातल्या दस्तरखानाचा फोटो, सगळे धूसर. "अब्बांना आता दिसत नाही," असं आम्ही भावंडांनी ठरवूनच टाकलं. अब्बा एवढंच म्हणाले, "लांबचं बसतच नव्हतं." आम्हाला वाटलं, ते डोळ्यांचंच सांगताहेत. चष्म्याचा नंबर तपासला तर थोडा बदललेला निघालाही. झालं, निकाल लागला. अब्बांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच.

गेल्या हिवाळ्यात साफसफाई करताना तो पुन्हा हाती आला. भंगारात द्यावा की शोकेसमध्ये ठेवावा, अशी चर्चा चालू असताना आम्ही आपाचा अल्बम उघडला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. जवळचं सगळं स्पष्ट, लांबचं सगळं धूसर. एकही अपवाद नाही. डोळ्यांचा दोष असा हिशेबाने कसा वागेल?

या प्रकारच्या कॅमेऱ्यात फोटो काढणारा थेट समोरच्या माणसाकडे पाहत नसतो. लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून आत बसवलेल्या दुधी काचेवर पडतं आणि डोळा ते चित्र पाहतो. माणूस एक मीटरवर असो की शंभर मीटरवर, डोळ्याला पाहायची असते ती काच, आणि ती तेवढ्याच अंतरावर राहते. डोळे अधू असते तर जवळचे फोटोही बिघडले असते. म्हणजे तक्रार दुसरीकडेच होती.

मग आम्ही तपासणीला बसलो. जुनी लेन्स घरात असेल तर ही तपासणी कुणालाही करता येईल.

आधी लेन्स उजेडापुढे धरून टॉर्चने आत पाहावं. कोकणासारख्या दमट हवेत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, नाहीतर धुकट थर बसतो. पण त्याने जवळचे आणि लांबचे असे सगळेच फोटो फिके पडतात. आमच्या लेन्समध्ये कडेला थोडी बुरशी होती, एवढंच. फोटोची एकच बाजू धूसर येत असेल, तर एखादं भिंग तिरकं बसल्याचा संशय घ्यावा.

दुसरी तपासणी कॅमेऱ्याची. आरसा किंवा दुधी काच जागची हलली असेल, तर डोळ्याला चित्र स्पष्ट दिसतं आणि फिल्मवर मात्र धूसर उमटतं. हे ओळखायला आम्ही रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, त्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावली. शटर 'बी'वर ठेवून केबलने उघडं धरलं आणि चिकटपट्टीवरचं उलटं चित्र भिंगातून पाहिलं. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे २ वर ठेवलं. कारण ते बारीक केलं की फोकसची चूक झाकली जाते. समोर खाडीपलीकडच्या मशिदीचा मिनार होता. रिंग आडव्या आठसारख्या खुणेपर्यंत, म्हणजे अनंतापर्यंत फिरवली. चिकटपट्टीवर मिनार धूसर, व्ह्यूफाइंडरमध्येही धूसर. दोन्हीकडे एकच दोष, म्हणजे कॅमेरा निर्दोष आणि गुन्हेगार लेन्स. "लांबचं बसतच नव्हतं," हे अब्बांचं वाक्य तेव्हा कुठे आम्हाला कळलं. ते खरं तेच सांगत होते.

ही लेन्स हेलिओस ४४-२. जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत कारखान्यांनी घडवलेली, ५८ मिलिमीटरची, सहा भिंगांची. फोकसची रिंग फिरवली की आटे असलेली नळी सगळी भिंगं एकत्र पुढे-मागे सरकवते. तीन मीटरवरच्या माणसापासून क्षितिजापर्यंत फोकस नेण्यासाठी ती साधारण १.१ मिलिमीटर मागे यावी लागते. रिंग तेवढ्यापुरती आधीच अडली, तर तीन मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट होत नाही. एका मिलिमीटरने आमचं सारं खानदान धूसर केलं होतं!

ती अडली का, हे अम्मीला आठवलं. रिंग जड फिरते म्हणून निकाहाच्या दोन महिने आधी लेन्स दुरुस्तीला दिली होती. जुनं सुकलेलं ग्रीस काढून नवं घातलं गेलं, पण रिंग परत बसवताना अनंताची खूण जुळवायची राहून गेली असावी.

दुरुस्ती अवघड नव्हती. फोकसच्या रिंगभोवती डोकं नसलेले तीन बारीक स्क्रू असतात. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते थोडे सैल केले, काढले नाहीत. चिकटपट्टीवर मिनार कोरल्यासारखा दिसेपर्यंत आतली नळी फिरवली. ती तशीच धरून बाहेरची रिंग अनंताच्या खुणेवर आणली आणि तिन्ही स्क्रू सारखे आवळले. मग एक मीटरवर वर्तमानपत्र टेकवून पाहिलं. रिंगवरचा आकडाही एकवरच आला.

स्वतः हात घालणाऱ्यांसाठी काही गोष्टी. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा आणि सुटे भाग पांढऱ्या कपड्यावर क्रमाने ठेवावेत. आट्यांची नळी पूर्ण उघडावी लागलीच, तर ती ज्या जागी सुटते तिथे खूण करावी. तिचे आटे अनेक ठिकाणांहून सुरू होतात आणि चुकीच्या जागी धरले की फोकस पुन्हा बिघडतो. ग्रीस अगदी थोडं लावावं. जास्त झालं तर ते ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. शिवणयंत्राचं तेल मुळीच घालू नये. भिंगं उघडायची वेळ आली तर जाणत्या कारागिराकडे जावं.

घरातली मुलं अशा लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवतात. तिथे आधी अडॅप्टर तपासावा. या लेन्सला फिल्म किंवा सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. अडॅप्टर किंचित जाड असला तरी अनंत सापडत नाही आणि चांगली लेन्स फुकट बदनाम होते. निकॉनच्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत तर हे अंतर मुळातच ४६.५ मिलिमीटर असतं. त्यामुळे जादा भिंग नसलेल्या अडॅप्टरवर लांबचं बसणारच नाही. त्यात दोष कुणाचाच नाही.

दुरुस्त झालेला कॅमेरा आम्ही अब्बांच्या हातात दिला. ते गॅलरीत गेले, मिनाराकडे रोखून रिंग फिरवली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बसलं." आम्ही त्यांची माफी मागितली. ते हसले, पण लगेच म्हणाले, "आपाच्या निकाहात माझी अम्मी त्या ओळीत उभी होती. तिचा तोच शेवटचा फोटो."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. लेन्स दुरुस्त होते, निघून गेलेला फोटो होत नाही. तेव्हाच कुणी अब्बांना विचारलं असतं, "लांबचं म्हणजे नक्की काय बसत नाही?" तर दुसऱ्याच दिवशी दादीला अंगणात खुर्चीवर बसवून पुन्हा फोटो काढता आला असता. त्यानंतर ती दोन वर्षं आमच्यात होती.

घरातलं म्हातारं माणूस काही बिघडल्याचं सांगतं, तेव्हा आपण आधी त्याच्या वयाकडे बोट दाखवतो. आधी तहकीक करावी, आळ मग घ्यावा. या ईदला सगळे गावी जमणार आहोत. रोल आणून ठेवला आहे. फोटो अब्बाच काढतील, इन्शाअल्लाह, आणि सगळ्यांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं करून.