माइक आणि फीबी यांचे वंशज

तबकडीच्या वेष्टनावर गाणाराचें नांव असतें, वाजविणारांचीं असतात, कंपनीचें तर चांगलें ठळक अक्षरांत असतें. पूर्वजांचें नांव धारण करून एखादा वादकवृंद उभा राहिला, असें उदाहरण मात्र विरळा. न्यूयॉर्कच्या 'स्ट्राटा-ईस्ट' संस्थेनें १९७४ सालीं काढलेली 'अ स्पिरिट स्पीक्स' ही जॅझची तबकडी त्यांपैकीं एक होय. ती पुढें विनाइलवर नव्यानें निघाली, म्हणूनच आज रसिकांच्या हातीं येऊं शकते. वृंदाचें नांव 'डिसेंडंट्स ऑफ माइक अँड फीबी', म्हणजे माइक आणि फीबी यांचे वंशज.

हीं दोघें कोण? अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गुलाम. तेथें १८५० आणि १८६० सालच्या शिरगणतींत गुलामांच्या याद्या निराळ्या केल्या होत्या. त्यांत मालकाचें नांव आहे. गुलामाचें वय आहे, वर्ण आहे, स्त्री कीं पुरुष हें आहे. त्याचें स्वतःचें नांव बहुधा कोठेंच नाहीं. ज्यांच्या फडताळांत दहा पिढ्यांचा छापील कुलवृत्तांत आहे, त्यांना या रिकामेपणाची कल्पना सहजासहजीं यावयाची नाहीं. दोन नांवें घराण्याच्या तोंडीं टिकलीं, आणि वंशजांनीं तीं तबकडीवर छापलीं.

वृंदांत चार भावंडें होतीं : बास वाजविणारा बिल ली, पियानोवर कॉन्सुएला, ट्रंपेटवर क्लिफ आणि गायिका ग्रेस. ढोलवादक तेवढे बाहेरचे. यांचे आजोबा विल्यम जेम्स एडवर्ड्स यांनीं १८९३ सालीं अलाबामांतील स्नो हिल येथें कृष्णवर्णीय मुलांसाठीं शाळा काढली, ती तीन विद्यार्थी आणि पन्नास सेंट एवढ्या भांडवलावर. त्या घरांत विद्या आणि संगीत हीं निराळीं कधीं नव्हतींच.

जॉन कोलट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम' या १९६५ च्या तबकडीपासून जॅझमध्यें उपासनेचा जो सूर रूढ झाला, त्याला आध्यात्मिक जॅझ म्हणतात. भावंडांच्या तबकडींत कोलट्रेनच्या नांवाची एक रचना आहे. दुसरीचें नांव 'अॅटिका'. १९७१ सालीं अॅटिका तुरुंगांत बंड झालें आणि ४३ माणसें मेलीं, त्याची ही आठवण. हें अध्यात्म डोळे मिटून बसणारें नव्हे.

'स्ट्राटा-ईस्ट' ही संस्था चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली कॉवेल या दोन वादकांनीं १९७१ सालीं स्थापिली. ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंतानें करावयाचा, पण मुद्रणाची मालकीहि त्याचीच. ज्यांचे पूर्वज दुसऱ्याच्या मालमत्तेंत मोजले गेले, त्यांना या अटीचें मोल निराळें सांगावें लागलें नसेल.

बिल ली मोठा हट्टी गृहस्थ. बॉब डिलनसारख्यांच्या गाण्यांत त्यानें साथ केली. परंतु विजेवर चालणाऱ्या बासची चलती होतांच त्यानें तें वाद्य हातीं धरण्याचें साफ नाकारलें. कामें गेलीं. पत्नी जॅकलिन शिक्षिका होती. संसार तिच्या पगारावर चालला. अशा हट्टाचें कौतुक करणें आपल्याला सोपें आहे. त्याची किंमत कोणी भरली हें विचारलें, तर उत्तरांत नवऱ्याआधीं बायकोचें नांव येईल, असें आम्हांस वाटतें. त्यांचा मुलगा स्पाइक ली पुढें प्रख्यात चित्रपट-दिग्दर्शक झाला. त्याच्या 'डू द राइट थिंग' (१९८९) या चित्रपटाचें संगीत बापाचें आहे.

आजोबांची शाळा १९७३ सालीं बंद पडली. कॉन्सुएला पुढें स्नो हिलला परतली आणि त्याच आवारांत मुलांना संगीत व इतर कला शिकवूं लागली. ती २००९ सालीं वारली, ग्रेस २०१९ सालीं; बिल २०२३ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं. चौघें भावंडें एकत्र ऐकावयाचीं असतील, तर आतां ही तबकडीच लावावी लागते.